नुसती भिंत पुरत नाही: जेवणाच्या डब्याची रचना कशी करावी

एका कप्प्यात रस्सा, शेजारच्या कप्प्यात बिस्किटं, मध्ये भक्कम भिंत. दुपारी झाकण उघडलं तर रस्सा जिथल्या तिथे असतो, एक थेंब इकडे आलेला नसतो. तरीही बिस्किटं मऊ पडलेली असतात. दोष भिंतीचा नसतो. भिंतीच्या वर, झाकणाखाली दोन्ही कप्प्यांची हवा एकच असते. ओल्या पदार्थातली वाफ त्या हवेत उतरते आणि कोरडा पदार्थ ती शोषून घेतो. वासही त्याच वाटेने जातो. त्यामुळे डबा आखताना प्रत्येक कप्प्याची हवा कुठे कोंडायची आणि कुठे मोकळी सोडायची, हे सगळ्यात आधी ठरवावं लागतं. आकार आणि रंग त्यानंतर.

१. आधी जेवण मोजा

रिकामा डबा समोर ठेवून त्यात काय मावेल हे बघायची पद्धत उलटी आहे. एका वेळचं जेवण ताटात वाढा, प्रत्येक पदार्थ खुणा असलेल्या मापात न दाबता भरा आणि मिलिलिटर लिहून ठेवा. वजनावरून अंदाज केला तर फसगत होते. २०० ग्रॅम शिजलेला भात मोकळा असेल तर २५० ते ३०० मिलिलिटर जागा घेतो, तर २०० ग्रॅम आमटीसारखा पातळ पदार्थ साधारण २०० मिलिलिटरच.

पातळ पदार्थाच्या वर झाकणापर्यंत १० मिलिमीटर जागा सोडा. कप्पा फ्रीझरमध्ये जाणार असेल तर एक दशांश जागा रिकामी हवी, कारण पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. घन पदार्थाला मात्र मोकळी जागा ठेवू नका. कप्पा मोठा झाला की चालताना पदार्थ सरकतात, फळाच्या फोडी एकमेकींवर आपटून पाणी सोडतात.

२. कोण कोणापासून किती वेगळं, ते ठरवा

मोजलेल्या पदार्थांपुढे तीनपैकी एक खूण करा.

पहिली पातळी: नुसते मिसळायला नकोत. भात आणि कोरडी भाजी, किंवा दोन प्रकारची फळं. इथे तीन-चतुर्थांश उंचीची साधी भिंत पुरते.

दुसरी पातळी: रस पलीकडे जायला नको. भिंत झाकणाच्या रबरी रिंगपर्यंत पोचली पाहिजे आणि रिंग त्या भिंतीवरही दाबली गेली पाहिजे. भिंत आणि झाकण यांत अर्ध्या मिलिमीटरची फट राहिली तर ‘एवढ्याने काय होतं’ असं वाटतं. पण पातळ रस अशा बारीक फटीत आपोआप ओढला जातो. काढता-घालता येणारी सरकती भिंत या कामाची नाही. ती तळाशी आणि दोन्ही बाजूंनी हमखास झिरपते.

तिसरी पातळी: वाफ आणि वासही जायला नको. कुरकुरीत काही, सुकामेवा, चिरलेला कांदा. यासाठी स्वतःच्या झाकणाची वेगळी डबी लागते. ती मोठ्या डब्याच्या आत बसली तरी चालेल. अशी एकच डबी दिली तरी डब्याची उपयुक्तता किती वाढते, हे वापरल्यावरच कळतं. तीन पक्क्या भिंतींच्या डब्यापेक्षा एक भिंत आणि एक झाकणाची डबी असलेला डबा आम्ही केव्हाही चांगला मानतो.

३. कोपरे आणि भिंती

तळाचे कोपरे किमान ८ मिलिमीटर त्रिज्येने गोल करा. चमचा पोचत नाही तिथे अन्न उरतं, बोट पोचत नाही तिथे ओशटपणा उरतो. काटकोनी कोपऱ्याचा डबा चित्रात छान दिसतो, पण दोन महिन्यांत त्याच्या कोपऱ्यांत पिवळी रेघ धरते.

प्लास्टिकचा डबा साच्यातून काढायचा असेल तर भिंतींना १ ते २ अंशांचा उतार द्यावा लागतो, म्हणजे तोंड तळापेक्षा किंचित रुंद. भिंतीची जाडी सगळीकडे सारखी ठेवा. एका बाजूला जाड आणि दुसरीकडे पातळ झाली की थंड होताना ती असमान आकसते आणि काठ वाकडा होतो. पॉलिप्रोपिलीन, म्हणजे डब्यांचं नेहमीचं प्लास्टिक, १ ते २.५ टक्के आकसतं. गळतीच्या कितीतरी तक्रारींचं मूळ रिंगमध्ये नसून या वाकड्या काठात असतं.

४. झाकण आणि रिंग

इथे घाई करू नका. सगळा डबा या एका जोडावर उभा आहे.

रिंगचं सिलिकोन रबर दाबलं की चेपतं असं दिसतं, पण त्याचं आकारमान जवळजवळ कमी होत नाही. ते बाजूला पसरतं. म्हणून रिंग बसते त्या खाचेत पसरायला जागा हवी. ४ मिलिमीटर जाडीची गोल रिंग घेतली आणि ती २० ते २५ टक्के दाबायची ठरवली, तर खाच ३.१ मिलिमीटर खोल आणि ५ मिलिमीटर रुंद करा. मग रिंग खाचेचा सुमारे ८० टक्के भाग भरते आणि पसरायला बाकीचा उरतो. खाच अगदी रिंगएवढीच केली तर झाकण पूर्ण बसत नाही, लोक जोर लावतात आणि क्लिप तुटते. रुंद खाचेतून रिंग खाली पडू नये म्हणून खाचेच्या भिंतीवर तीन-चार ठिकाणी बारीक उंचवटे द्या.

भरीव रिंग दाबायला ताकद लागते. डबा लहान मुलाचा किंवा म्हाताऱ्या माणसाचा असेल तर पोकळ किंवा पातळ ओठाची रिंग वापरा. ती हलक्या हाताने बसते.

गोल डब्याला फिरकीचं झाकण सगळीकडे सारखा दाब देतं, म्हणून पातळ पदार्थासाठी गोल वाटीला तोड नाही. चौकोनी डब्याला चारही बाजूंना क्लिप हव्यात. लांब बाजूला मधोमध एकच क्लिप असेल तर झाकण टोकांना उचललं जातं, तिथे दोन द्या आणि झाकणावर आडव्या पट्ट्यांचा उठाव द्या, म्हणजे ते वाकणार नाही. रिंगचं वळण कोपऱ्यात एकदम तीव्र नको, नाहीतर ती तिथेच सुरकुतते. १५ ते २० मिलिमीटर त्रिज्या ठेवा.

५. गरम अन्न आणि अडकलेलं झाकण

गरम अन्न भरून झाकण घट्ट लावलं, तासाभराने ते उघडेना, हा अनुभव सगळ्यांचा आहे. आतली वाफ गार होऊन तिचं पाणी होतं आणि आतला दाब उतरतो. ७० अंश सेल्सिअसला वाफेने पूर्ण भरलेली हवा कोंडली आणि ती २५ अंशांवर आली, तर आतला दाब हिशेबाने बाहेरच्या दाबाच्या दोन तृतीयांशाहून थोडा खाली येतो. १५ बाय १० सेंटीमीटरच्या झाकणावर हा फरक ५० किलोहून जास्त वजनाइतका पडतो. प्रत्यक्षात झाकण आत वाकतं, थोडी हवा शिरते आणि ओढ कमी होते, पण उघडताना नखं दुखायला तेवढी पुरते.

यातली कमी लक्षात येणारी गोष्ट अशी: भिंतीने पक्के वेगळे केलेले दोन कप्पे असतील आणि एकातच गरम पदार्थ असेल, तर तो गार होताना शेजारच्या कप्प्यातला रस भिंतीवरच्या सीलमधून आपल्याकडे ओढतो. डबा सरळ ठेवलेला, हललाही नाही, तरी रस पलीकडे. म्हणून ४ ते ५ मिलिमीटरचं हवेचं छिद्र आणि त्यावर सिलिकोनचं बूच डब्याला एक नव्हे, प्रत्येक बंद कप्प्याला एक द्या. ते झाकणाच्या सर्वांत उंच जागी ठेवा, म्हणजे रस तिथवर पोचत नाही.

झाकणाच्या आतल्या बाजूला मध्यातून कडेकडे हलका उतार दिला तर साचलेले थेंब पदार्थाच्या मधोमध टपकण्याऐवजी कडेने ओघळतात.

६. ताजेपणा म्हणजे तापमान आणि वेळ

५ ते ६० अंशांच्या मध्ये जंतू झपाट्याने वाढतात. शिजवलेलं अन्न या पट्ट्यात २ तासांहून जास्त राहू देऊ नये, हवा ३२ अंशांच्या वर असेल तर १ तासाहून जास्त नाही. भाताबाबत विशेष काळजी हवी. बॅसिलस सेरियस या जंतूचे बीजाणू शिजवूनही टिकतात आणि कोमट भातात पुन्हा वाढतात. तेव्हा डबा कितीही उत्तम बंद होत असला तरी तो अन्नाला गरम किंवा थंड ठेवत नसेल तर वेळ तेवढीच आहे.

गार जेवणाचा डबा उथळ आखा, ५ सेंटीमीटरहून खोल नको. खोल डब्यात मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो. भरण्याआधी अन्न पसरट ताटात पसरून लवकर निववा आणि फ्रिजमध्ये गार करून मग भरा. बर्फाच्या पाकिटाची जागा झाकणावर किंवा झाकणात ठेवा, कारण थंड हवा खाली उतरते. १०० ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे ३३ किलोज्यूल उष्णता घेतो. ४०० ग्रॅम जेवण ५ वरून २५ अंशांवर जायला साधारण २८ किलोज्यूल लागतात. म्हणजे एका माणसाच्या डब्याला १०० ग्रॅमचं पाकीट ही किमान गरज समजा, आणि भोवती जाड अस्तराची पिशवी हवीच.

गरम जेवणाला दुहेरी भिंतीचं निर्वात भांडं लागतं. त्यात आधी ५ ते १० मिनिटं उकळतं पाणी ठेवा, ओता, आणि वाफाळतं अन्न गळ्यापर्यंत भरा. अर्धं भरलेलं भांडं फार लवकर निवतं.

गरम आणि गार कप्पे एकाच स्टीलच्या पत्र्यात शेजारी कधीच ठेवू नका. स्टील पॉलिप्रोपिलीनपेक्षा सत्तर-ऐंशी पट उष्णता वाहून नेतं.

७. साहित्य

३०४ प्रतीचं स्टील (१८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल) वास धरत नाही, डागाळत नाही. पॉलिप्रोपिलीन, म्हणजे त्रिकोणात ५ आकडा असलेलं प्लास्टिक, हलकं आणि मायक्रोवेव्हला चालणारं, पण तेलकट रंगाने पिवळं पडतं आणि फ्रीझरमधून काढल्या काढल्या पडलं तर तडकतं. काच उत्तम पण जड. अनावृत ॲल्युमिनियम आंबट पदार्थाला नको.

८. नमुना करा आणि छळून बघा

थ्रीडी प्रिंटरवर केलेला नमुना आकार तपासायलाच वापरा. पीएलए, म्हणजे अशा प्रिंटरमधलं नेहमीचं प्लास्टिक, ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि थरांमधल्या खाचांत अन्न अडकतं, त्यात खाऊ नका.

आधी कागदाची चाचणी. साध्या कागदाची बोटभर रुंद पट्टी रिंगखाली धरून झाकण लावा आणि ओढा. काठाच्या दर ३ सेंटीमीटरवर हेच करा. जिथे पट्टी सहज निसटते तिथेच गळणार, ती जागा पेनाने खुणवा.

मग पाणी. पाण्यात खायचा रंग आणि भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब घाला. साबणामुळे पाणी बारीक फटीतूनही शिरतं, त्यामुळे नुसत्या पाण्यात न दिसणारी गळती दिसते. डबा पांढऱ्या टिश्यूवर सहाही बाजूंनी अर्धा-अर्धा तास ठेवा. हीच चाचणी ६० अंशांच्या पाण्याने करा आणि गार होऊ द्या. एका कप्प्यात रंगीत गरम पाणी, शेजारी साधं गार, मग जागा बदलून पुन्हा. भिंतीवरून होणारी चोरटी गळती इथेच पकडली जाते.

वाफेची चाचणी लोक विसरतात. एका कप्प्यात ओला कापूस, दुसऱ्यात ०.१ ग्रॅमपर्यंत तोललेली बिस्किटं ठेवा आणि चार तासांनी पुन्हा तोला. वजन वाढलं असेल तर तेवढी वाफ आली. तिसऱ्या पातळीच्या डबीत ते वाढायलाच नको.

शेवटी भरलेला डबा टेबलाच्या उंचीवरून, म्हणजे ७५ सेंटीमीटरवरून, कोपऱ्यावर पाडा. क्लिप सुटली तर तिची पकड वाढवण्याआधी ती काठाच्या बाहेर किती डोकावते ते बघा. बाहेर आलेली क्लिप आधी आपटते, काठाच्या आत बसवली की बहुधा प्रश्न मिटतो.

आणि रिंग बोटाने निघते ना, हे ओल्या, साबणाच्या हातांनी तपासा. तिला एका जागी छोटं कान द्या. रिंग निघत नसेल तर तिच्या मागे काळी बुरशी धरणारच. धुतल्यावर रिंग वेगळी वाळवायची, आणि रिकामा डबा ठेवताना क्लिप उघड्या सोडायच्या. सतत दाबलेलं सिलिकोन हळूहळू चपटं होत जातं आणि मग सीलला पकड उरत नाही.