सोल्डरचं बिट पॅडच्या मापाचं घ्या

चवथीच्या आधी डिचोलीत माळा, अँप्लिफायर, इन्व्हर्टरचे बोर्ड दुरुस्तीला येतात, तेव्हा बहुतेकांत एकच दोष सापडतो: डाख वरून बसलेला दिसतो, पण आतून सुटा असतो. खूपदा कारण बिटच असतं, म्हणजे सोल्डरिंग आयर्नचं तापणारं टोक.

बारीक काम म्हणून सुईसारखं टोकदार बिट घेतलं जातं. पण उष्णता जाते ती स्पर्शाच्या क्षेत्रातून. टोक एका बिंदूला टेकतं, पॅड (बोर्डावरचा तांब्याचा ठिपका, ज्यावर डाख बसतो) तापायला वेळ लागतो, मग आपण तापमान वाढवतो. फ्लक्स (धातूवरचा काळपट थर काढून सोल्डर पसरू देणारं रसायन) जळतो आणि पॅड उचकटतो. त्यापेक्षा छिन्नीच्या आकाराचं चपटं बिट घ्या, साधारण पॅडच्या रुंदीचं. साध्या थ्रू-होल कामाला (पार्टचे पाय बोर्डाच्या भोकातून घालून डाख देतात ते) 2 ते 2.4 मिमी पुरतं. ग्राउंडच्या रुंद तांब्याला किंवा जाड वायरला 4 ते 5 मिमी हवं. टोकदार बिट अगदी अडचणीच्या जागेसाठी राखून ठेवा.

63/37 सोल्डर (63 टक्के कथील, 37 टक्के शिसं) 183 अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणून योग्य बिट असेल तर 320 ते 350 अंश बास. बिट पॅड आणि पाय दोघांना टेकवा, सोल्डर जोडालाच लावा.

आपल्याकडची दमट, खारी हवा पाय आणि पॅड लवकर काळे करते, तेव्हा आधी थोडा फ्लक्स लावाच. बिटाला मात्र कानस कधीच नको! वरचा लोखंडी थर गेला की आतलं तांबं सोल्डरमध्ये विरघळतं. पितळी जाळीने पुसा आणि बंद करताना टोकावर ताजं सोल्डर ठेवा.