सेझाँचं गाव जलरंगात उतरवताना या चुका टाळा

फ्रेंच चित्रकार पॉल सेझाँने १८८५-८६ मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या एक्स-आं-प्रोव्हान्स शहराजवळच्या गार्दान गावाची तीन निसर्गचित्रं रंगवली. टेकडीवर एकावर एक चढत गेलेली घरं, तांबूस छपरं, माथ्यावर चर्चचा मनोरा. त्यातलं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधलं उभं चित्र जलरंग शिकायला मला सगळ्यांत योग्य वाटतं. घरांचे आकार सोपे आहेत, आणि चित्र अपुरं राहिल्यामुळे सेझाँ कसा विचार करत होता ते उघड दिसतं.

मात्र मूळ चित्र तैलरंगातलं आहे, आणि बहुतेक चुका इथूनच सुरू होतात. तैलरंगात गडद रंगावर उजळ रंग चढवता येतो. जलरंगात उजेड कागदाचाच. तरी अनेकजण आधी सगळ्या कागदावर पिवळसर वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा सपाट थर, फिरवतात आणि उन्हातल्या भिंतींसाठी शेवटी ट्यूबमधला पांढरा लावतात. त्या भिंती खडूसारख्या निस्तेज दिसतात. कोऱ्या ठेवायच्या जागा पेन्सिलने हलकेच आखून घ्या, मगच ब्रश भिजवा. एखादी जागा चुकून रंगलीच, तर सुकल्यावर ओलसर ब्रशने हळूच घासून टिश्यूने टिपा. थॅलो निळ्यासारखे कागदात मुरणारे रंग मात्र पूर्ण निघत नाहीत.

दुसरी चूक घाईची. छपराचा तांबडा ओला असतानाच शेजारच्या झाडाचा हिरवा लावला की दोन्ही एकमेकांत शिरतात. हे परस्परविरोधी रंग असल्यामुळे मिसळले की करडा-तपकिरी चिखल होतो. सेझाँची स्वतःची जलरंगचित्रं या बाबतीत उत्तम शिक्षक आहेत. पातळ, पारदर्शक पट्ट्यांवर पट्ट्या, आणि मध्येमध्ये मोकळा सोडलेला कागद. शेजारच्या दोन रंगांमध्ये केसाएवढी कोरडी फट ठेवा, किंवा पहिला थर सुकू द्या. कागदाची चकाकी गेली म्हणजे तो सुकला असं नाही. हाताची मागची बाजू टेकवून पाहा, गार लागला तर आत अजून ओल आहे.

अशा अर्धवट सुकलेल्या थरावर पाण्याने भरलेला ब्रश टेकला की फुलकोबीसारख्या कडांचे डाग उमटतात, कारण जादा पाणी रंगाचे कण बाहेर ढकलतं. डाग पडताच त्यात ब्रश फिरवू नका. पूर्ण सुकू द्या, मग ओलसर ब्रशने कड मऊ करा. डाग झाडीत पडला असेल तर तसाच राहू द्या, तिथे तो शोभतो.

चित्र फिकं पडतं, ही तक्रारही नेहमीची. जलरंग सुकल्यावर उजळ होतो. त्याच कागदाच्या तुकड्यावर रंग लावून, सुकवून पाहा आणि सावल्या पहिल्याच फटक्यात हव्या त्याहून थोड्या गडद लावा. भीतभीत पाच-सहा थर चढवले की पारदर्शकता जाते. कागद ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) घ्या. पातळ कागद फुगतो आणि रंग खळग्यांत साचतो.

खिडक्या, दारं, फांद्या रेखत बसण्याचा मोह फार होतो. गार्दानमधली घरं उभी राहतात ती छपराच्या उतारामुळे आणि भिंतीच्या दोन बाजूंमधल्या उजेड-सावलीमुळे. आधी ती उजेड-सावलीची विभागणी नीट साधा. डोळे किलकिले करून पाहिल्यावर घर घरासारखं दिसत असेल, तर त्यात खिडकी काढायची गरज उरत नाही.