एजंटच्या हाती दूरचा कीबोर्ड देताना

दूरच्या विंडोज मशीनवर एआय एजंटकडून (स्वतःच संगणक चालवणाऱ्या एआय प्रोग्रामकडून) कीबोर्ड शॉर्टकट पाठवायचे होते. पहिला घोळ फोकसचा, म्हणजे दाबलेली की कोणत्या विंडोला जाते याचा: आल्ट+एफ४ जायचं नोटपॅडला, पण मधेच दुसरी विंडो वर आली की तीच बंद व्हायची. आता की पाठवण्याआधी वरच्या विंडोचं नाव तपासतो. जुळलं नाही तर काहीच पाठवत नाही.

खरी डोकेदुखी दाबलेल्या अवस्थेत अडकलेल्या कंट्रोल कीची. कनेक्शन तुटलं की 'की सोडली' हा संदेश पोहोचतच नाही, मग एजंटने ब्राउझरमध्ये साधं 'डब्ल्यू' टाइप केलं तरी ते कंट्रोल+डब्ल्यू ठरतं आणि टॅब गायब! म्हणून प्रत्येक शॉर्टकटनंतर आणि पुन्हा जोडणी झाल्यावर कंट्रोल, आल्ट, शिफ्ट, विंडोज या चारही की सोडल्याचा संदेश मुद्दाम पाठवतो.

एजंटला कोणत्या शॉर्टकटची परवानगी आहे, याची यादी प्रोग्रामनुसार वेगळी केली. एडिटरमध्ये कंट्रोल+सी म्हणजे कॉपी, टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या विंडोत) तेच चालू काम थांबवतं. विंडोज+आर कुठेच नाही, त्यातून कुठलाही प्रोग्राम चालवता येतो. फाइल कायमची पुसणारं शिफ्ट+डिलीट माणसाने होकार दिल्यावरच. ही तपासणी दूरच्या मशीनवरच्या प्रोग्राममध्ये होते, प्रॉम्प्टमध्ये (एजंटला लिहून दिलेल्या सूचनांमध्ये) नाही. स्क्रीनवरचा एखादा फसवा मजकूर वाचून एजंट वाहवत जाऊ शकतो, तिथे प्रॉम्प्टमधल्या तंबीचा काय भरवसा?

रिमोट डेस्कटॉपमध्ये कंट्रोल+आल्ट+डिलीटऐवजी कंट्रोल+आल्ट+एंड चालतं. तेही एजंटला दिलेलं नाही.