रंगद्रव्य जोडलेले ई-कॅडहेरिन: प्रयोगाआधीची तयारी

ई-कॅडहेरिन हे पेशींना एकमेकींशी चिकटवणारे प्रथिन. त्याला रंग जोडून ते पेशींवर बांधले जाते का, हे फ्लो सायटोमेट्रीने (पेशींची चमक एकेक करून मोजण्याच्या पद्धतीने) पाहायचे असेल, तर प्रथिनाची कुपी बर्फावर काढण्याआधी तिच्यासोबतचे माहितीपत्रक वाचून शुद्धीकरणाचा टॅग (शुद्ध करणे सोपे जावे म्हणून जोडलेला तुकडा) प्रथिनाच्या कोणत्या टोकाला आहे ते पाहावे. ई-कॅडहेरिनचे रेणू एकमेकांना धरतात ते एन-टोकाजवळच्या, म्हणजे साखळीच्या सुरुवातीच्या, दुसऱ्या क्रमांकाच्या ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाच्या आधारे, त्यामुळे त्या टोकाला टॅग उरला असेल तर कितीही शुद्ध प्रथिन या कामाचे नाही. टॅग एफसी (अँटिबॉडीचा शेपटीकडचा भाग) असल्यास पेशींवरील, त्याला धरणारे एफसी रिसेप्टर आधी ब्लॉक करावेत.

त्यानंतर बफर, आणि माझ्या मते निम्मे प्रयोग इथेच फसतात. या प्रथिनाच्या बाहेरील पाच खंडांना ताठपणा येतो तो खंडांच्या सांध्यांत बसणाऱ्या कॅल्शियममुळे, आणि फ्लो सायटोमेट्रीसाठी प्रयोगशाळेत तयार असलेल्या बफरच्या बाटलीत, पेशींच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून, बहुधा ईडीटीए घातलेले असते, जे नेमके हेच कॅल्शियम ओढून घेते. म्हणून ७.४ पीएचचा हेपिस बफर, त्यात २ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड आणि थोडे बीएसए (गायीच्या रक्तातील अल्ब्युमिन प्रथिन), असा वेगळा करून ठेवावा. फॉस्फेट बफरमध्ये वरून कॅल्शियम वाढवल्यास गढूळपणा येऊ शकतो. ईडीटीए घातलेली एक नळी मात्र मुद्दाम ठेवावी, कारण तिथे चमक उतरली नाही तर दिसते आहे ते कॅडहेरिनचे बंधन नव्हे.

ई-कॅडहेरिन असलेल्या एमसीएफ-७ या स्तनकर्करोगाच्या पेशी सुट्या करतानाही नेहमीचे ट्रिप्सिन-ईडीटीए टाळावे; ट्रिप्सिन हे प्रथिने कापणारे एन्झाइम आहे. कॅल्शियम असताना ट्रिप्सिन ई-कॅडहेरिनला फारसे कापत नाही आणि ते नसताना कापून टाकते, हे जपानी जीवशास्त्रज्ञ मासातोशी ताकेइची यांच्या १९७० च्या दशकातील कामातून पुढे आले. तेव्हा कॅल्शियमयुक्त सौम्य ट्रिप्सिनच तयार ठेवावे. तुलनेसाठी ई-कॅडहेरिन नसलेल्या एमडीए-एमबी-२३१ पेशी लागतील, शिवाय त्याच रंगाचे व त्याच टॅगचे असंबद्ध प्रथिनही.

रंग एफआयटीसी (हिरवे चमकणारे रंगद्रव्य) असेल तर तो प्रथिनातील लायसिन या अमिनो आम्लावर बसतो, म्हणून प्रति रेणू किती रंग आहे हा आकडा तपासावा. फार जास्त असल्यास बंधनाची जागा झाकली जाऊ शकते. आम्ल बफरमध्ये एफआयटीसीची चमक मंदावते. भुकटी असलेली कुपी उघडण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये क्षणभर फिरवावी, विरघळवताना फेस काढू नये आणि लगेच लहान भाग पाडून फॉइलमध्ये गुंडाळावेत. एकेरी रेणूचे बंधन क्षीण असल्याने धुण्याच्या फेऱ्या कमी व थंड बफरनेच कराव्यात.