चिखलात रोबोटचा नकाशा वाकडा येत होता, तो असा सरळ केला

खानापूरकडच्या भातशेतात पावसाळ्यात चाकं जागीच फिरतात. एन्कोडर (चाकाचे फेरे मोजणारा सेन्सर) मात्र मीटरभर पुढे गेल्याचं सांगतो आणि कालमन फिल्टर (सगळ्या सेन्सरच्या नोंदी जुळवून रोबोटची जागा ठरवणारं गणित) डोळे झाकून ते मानतो. बांध सरळ, नकाशात कोयता!

मुळात दोष जायरोचाही (वळण्याचा वेग मोजणाऱ्या सेन्सरचाही) होता. सुरू केल्यावर 30 सेकंद रोबोट हलवायचा नाही. 100 हर्ट्झने 3000 नोंदी मिळतात, त्यांची सरासरी म्हणजे जायरोची स्थिर चूक, ती पुढच्या नोंदींतून वजा करायची. सेकंदाला 0.1 अंश चूक राहिली तरी मिनिटात दिशा 6 अंश ढळते. वळण चाकांवरून घेणं बंदच केलं. चाकांच्या वेगाचा व्हेरियन्स (त्यात किती चूक धरायची तो आकडा) 0.01 वरून 0.25 वर नेला, म्हणजे फिल्टर चाकांवर कमी विसंबतो.

उसाच्या कडेला जीपीएस उड्या मारतो. तिथे महालनोबिस अंतराचा (अपेक्षित चुकीच्या मानाने नोंद अंदाजापासून किती दूर आहे, त्याचा) वर्ग 5.99 च्या वर गेला की ती नोंद टाकून द्यायची (दोन अक्ष धरले तर 95 टक्के योग्य नोंदी या मर्यादेत येतात). लागोपाठ दहा नोंदी नाकारल्या, तर मात्र फिल्टरच भरकटलाय. तो नव्याने सुरू करा.