रक्तशर्करेचा आकडा विश्वासाचा यावा म्हणून

घरच्या मीटरवर रक्तातील साखर तपासताना बोट टोचण्यापूर्वी हात साबणाने आणि शक्यतो कोमट पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करावेत. नुकतेच फळ सोललेले असेल तर बोटावर राहिलेला रस रक्ताच्या थेंबात मिसळतो आणि साखर प्रत्यक्षात असते त्यापेक्षा बरीच जास्त दिसते. त्याच आकड्यावरून इन्सुलिनचा डोस ठरणार असेल, तर ही लहानशी चूक जिवावर बेतू शकते. बोट ओले राहिले तर उलट थेंब पातळ होऊन आकडा कमी येतो. स्पिरिट वापरलेच, तर ते पूर्ण उडून जाईपर्यंत थांबावे.

टोचायचे ते बोटाच्या टोकाच्या कडेला, मधल्या मऊ भागावर नव्हे, कारण कडेला वेदना कमी होते. मधले बोट, अनामिका आणि करंगळी यांचा आळीपाळीने वापर केला की एकाच जागी कातडी कडक होत नाही. लॅन्सेटच्या, म्हणजे टोचायच्या बारीक सुईच्या, पेनवर खोलीचे आकडे असतात. सर्वांत कमी आकड्यापासून सुरुवात करून पुरेसा थेंब येईल तिथे थांबावे. रक्त येत नसेल तर हात काही क्षण खाली सोडावा आणि तळव्याकडून टोकाकडे हलकेच चोळावे. बोट जोराने पिळू नये, कारण मग पेशींभोवतीचा द्रव रक्तात मिसळून आकडा चुकू शकतो. लॅन्सेट एकदाच वापरावी, आणि घरातल्या माणसाशीसुद्धा पेन वाटून घेऊ नये. हिपॅटायटिस बीचा संसर्ग अशा वाटून घेतलेल्या साधनांतून पसरलेला आहे.

मीटरमध्ये घालायच्या चाचणी-पट्ट्यांची डबी लगेच घट्ट बंद करावी, कारण हवेतला दमटपणा त्यांवरील रसायन बिघडवतो. मुदत संपलेली पट्टी वापरू नये. एवढी काळजी घेऊनही दोन आकडे तंतोतंत जुळणार नाहीत, आणि त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. आयएसओ १५१९७ या २०१३ च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार, साखर १०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा त्याहून जास्त असताना किमान ९५ टक्के आकडे प्रयोगशाळेच्या आकड्यापासून १५ टक्क्यांच्या आत असले की मीटर स्वीकारार्ह ठरतो. म्हणजे खरी साखर १४० असताना मीटरने १२५ किंवा १५५ दाखवणे हा बिघाड नव्हे. रक्तक्षय असेल तर मात्र अनेक मीटर साखर वाढवून दाखवतात, म्हणून ती गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी.

बोटांना विश्रांती म्हणून काही मीटरवर तळहात किंवा बाहूतील रक्त चालते. बाहूतील आकडा साखर वेगाने बदलत असताना मागे राहतो, त्यामुळे जेवणानंतर, व्यायामानंतर किंवा साखर उतरल्याची शंका असताना बोटच टोचावे.

खरा मोठा पर्याय म्हणजे त्वचेखाली बसणारा सेन्सर. तो रक्तातील नव्हे, तर पेशींभोवतीच्या द्रवातील ग्लुकोज दर काही मिनिटांनी मोजतो आणि साखर चढते आहे की उतरते आहे हे बाणाने दाखवतो. रात्री नकळत साखर उतरणाऱ्यांसाठी त्याचा गजर मोलाचा आहे. ज्यांना परवडतो आणि गरज आहे त्यांनी तो जरूर विचारात घ्यावा. तरीही द्रवातला बदल रक्ताच्या काही मिनिटे मागे असतो, सेन्सर अंगाखाली दाबला गेला तर खोटा कमी आकडा येतो, आणि काही सेन्सरवर पॅरासिटामॉल किंवा जास्त मात्रेतील क जीवनसत्त्वाचा परिणाम होतो. घाम, थरथर, गोंधळ जाणवत असूनही सेन्सर सर्व ठीक असल्याचे दाखवत असेल, तर बोट टोचून पाहावे. ७० च्या खाली आकडा आला आणि रुग्ण शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर १५ ग्रॅम साखर घेऊन १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. मीटर हाताशी नसेल तर लक्षणांवर विश्वास ठेवून साखर आधी घ्यावी.

एचबीए१सी ही रक्तचाचणी साखरेची मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते, आजचा डोस नाही. लघवीत साखर साधारणपणे रक्तातील पातळी १८० च्या वर गेल्यावर दिसते, त्यामुळे उतरलेली साखर त्या तपासणीत कधीच कळत नाही. त्वचा न टोचता, सेन्सरही न लावता साखर मोजण्याचा दावा करणारी घड्याळे आणि अंगठ्या विकल्या जातात. अशा कोणत्याही साधनाला मान्यता दिलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला होता. त्यांवरील आकडा पाहून औषधाची मात्रा कधीही बदलू नये.