सायकियाट्री रेसिडेन्सीची मुलाखत: खासगी प्रश्न आला तर काय बोलायचं

भारतात एमडी सायकियाट्रीची सीट नीट-पीजीसारख्या प्रवेश परीक्षेच्या रँकवर मिळते, मुलाखत नसतेच. त्यामुळे इथून एमबीबीएस करून अमेरिकेच्या ‘मॅच’ला (उमेदवार आणि हॉस्पिटलं यांच्या पसंतीक्रमांवरून रेसिडेन्सीची, म्हणजे तिथल्या पदव्युत्तर प्रशिक्षणाची, जागा ठरवणारी व्यवस्था) बसणाऱ्यांना ‘घरच्यांबद्दल सांगा’, ‘आयुष्यातला सगळ्यात कठीण काळ कोणता?’ असले प्रश्न परीक्षेच्या खुर्चीत बसून पहिल्यांदाच ऐकावे लागतात. सायकियाट्रीत हे प्रश्न जास्त येतात, कारण पुढची चार वर्षं तुम्ही लोकांना नेमकं हेच विचारणार आहात. स्वतःबद्दल बोलताना तुम्हाला कुठे थांबायचं ते कळतं का, हे समोरचा बघत असतो.

तयारी कागदावर करा. पर्सनल स्टेटमेंट (स्वतःबद्दलचा निबंध) आणि ईरासचा, म्हणजे रेसिडेन्सीसाठीचा ऑनलाइन, अर्ज छापून घ्या आणि प्रत्येक खासगी वाक्याखाली पेन्सिलने रेघ मारा. जे लिहिलंत त्यावर प्रश्न येणारच; आईचा बायपोलर आजार लिहून मग ‘त्याबद्दल नको बोलूया’ म्हणता येत नाही. शिवाय ती माहिती आईचीही आहे. लिहिण्याआधी तिला विचारलंत का? नसेल, तर ‘घरातलं एक आजारपण’ एवढंच पुरे.

मग तीन रकाने आखा: मोकळेपणाने सांगेन, एका वाक्यात सांगेन, सांगणार नाही. घटस्फोट, नापास झालेली परीक्षा, स्वतःची थेरपी, शिक्षणातला गॅप, मूल, व्हिसा, हे सगळं कुठल्या ना कुठल्या रकान्यात गेलंच पाहिजे. हा निर्णय मुलाखतीत घ्यायची वेळ आली की जीभ घसरते.

उत्तर साठ ते नव्वद सेकंदांचं ठेवा. एका वाक्यात घटना, दोन वाक्यांत तुम्ही काय केलंत, एका वाक्यात आज काय आहे. नमुना: ‘शेवटच्या वर्षी वडिलांना स्ट्रोक झाला, मी सहा महिने शिक्षण थांबवलं. त्यांची फिजिओथेरपी आणि औषधं मी सांभाळली. मग परत येऊन इंटर्नशिप वेळेत संपवली. आता ते स्वतः चालतात आणि घरी भाऊ आहे.’ शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकं तेच लोक विसरतात. ते नसेल तर समोरच्याच्या मनात ‘मग आता कोण बघतं?’ ही शंका राहते.

यानंतर समोरचा गप्प बसेल. सायकियाट्रिस्टना शांततेची सवय असते, आणि बऱ्याचदा ते फक्त नोंद करत असतात. ती दहा सेकंदं भरून काढायला म्हणून उमेदवार पुढचं बोलतो आणि तिसऱ्या रकान्यातली गोष्ट बाहेर पडते. तेव्हा तुम्हीही गप्प बसा. अगदीच अवघडलं तर, ‘यातलं आणखी काही सांगू का?’

‘मला स्वतःला डिप्रेशन होतं, म्हणून ही शाखा’ हे उत्तर आमच्या मते टाळावं. त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण ते ऐकताच समोरचा नकळत डॉक्टरच्या खुर्चीत जातो आणि तुम्ही पेशंटच्या. शाखा का निवडली याचं उत्तर पेशंटमधून द्या: ठाणे किंवा येरवड्याच्या मनोरुग्णालयातल्या पोस्टिंगमध्ये काय पाहिलंत, कोणत्या केसने विचार बदलला. नाव, गाव, ओळख पटेल असा तपशील मात्र गाळा.

काही प्रश्न विचारायचेच नसतात. नोकरी देऊ करण्याआधी उमेदवाराच्या अपंगत्वाची, मानसिक आजाराची किंवा उपचारांची चौकशी करायला अमेरिकेचा १९९० चा अपंगत्वविषयक कायदा मनाई करतो. कुटुंबातल्या आजारांची चौकशी २००८ च्या जनुकीय माहितीच्या कायद्यात अडते. वय, धर्म, लग्न, मुलंबाळं यांवरचे प्रश्न टाळावेत, असं मॅच चालवणाऱ्या एनआरएमपीची आचारसंहिता सांगते. आणखी कुठे अर्ज केलाय हे विचारणं तर तिच्या नियमांतच बसत नाही. व्हिसा स्पॉन्सरशिप लागेल का, हा प्रश्न मात्र रीतसर आहे. त्याचं सरळ उत्तर द्या: जे-वन (प्रशिक्षणार्थींचा व्हिसा) चालेल, की एच-वन-बी (नोकरीचा व्हिसा) हवाय आणि त्यासाठी लागणारी स्टेप थ्री ही परीक्षा झालीये.

तरीही विचारलंच तर कायद्याचं कलम तोंडावर फेकू नका. बहुतेक वेळा विचारणारा गप्पांच्या ओघात असतो. प्रश्नामागची काळजी ओळखा आणि तिला उत्तर द्या. ‘मुलं कधी?’ याला: ‘चार वर्षं सलग पूर्ण करायचा माझा विचार पक्का आहे, ऑन-कॉल ड्यूटीचंही अडणार नाही.’ ‘कधी थेरपी घेतलीये?’ याला: ‘ते मी खासगी ठेवते, पण कामाचा ताण कसा हाताळते ते सांगते.’ हसून, आवाज न बदलता. थेरपी घेतली असेल तर ‘नाही’ म्हणून खोटं मात्र बोलू नका. पुढे लायसन्सच्या फॉर्मवर असा प्रश्न आलाच तर तिथे खरंच लिहावं लागतं.

प्रश्न आक्षेपार्हच वाटला, तर ऑनलाइन मुलाखत संपताच त्याचे शब्द, तारीख आणि विचारणाऱ्याचं पद लिहून ठेवा. एनआरएमपीकडे तक्रार करता येते. ती करायची की फक्त रँक लिस्टमध्ये, म्हणजे तुमच्या पसंतीक्रमाच्या यादीत, तो प्रोग्रॅम खाली टाकायचा, हे शांतपणे ठरवा.

उलट, काही खासगी गोष्टी आपण होऊन सांगण्यात फायदा असतो. नवरा न्यू जर्सीत नोकरीला असेल, तर तिथल्या प्रोग्रॅमला ते जरूर कळू द्या. तुम्ही खरंच तिथे येऊन राहाल हे त्यातून पटतं.

गॅपमध्ये आपल्या मुलांचं एक हमखास अडतं ते म्हणजे ‘बॉण्ड’. अमेरिकन कानाला तो शब्द जामीन किंवा कर्जरोख्यासारखा ऐकू येतो. ‘सरकारी कॉलेजातून शिकल्यावर करावी लागणारी एक वर्षाची सक्तीची सेवा’ असं म्हणा आणि लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रातली रोजची ओपीडी किती होती ते सांगा.

वेळेचंही बघा. हिवाळ्यात न्यू यॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसात, म्हणजे दिवसातली शेवटची मुलाखत मध्यरात्रीकडे जाते. मधल्या ब्रेकमध्ये काहीतरी खा आणि तीन रकान्यांचा कागद पुन्हा वाचा. आदल्या दिवशीच्या रेसिडेंट्सबरोबरच्या गप्पांनाही हाच कागद लागू. तिथे ‘हे ऑफ द रेकॉर्ड आहे’ असं कुणी म्हटलं तरी तिसऱ्या रकान्यातलं तिसऱ्यातच ठेवा.